एका टक्क्याचा वाद

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतून ९९.३ टक्के शुद्धतेच्या दाखल्यासह बाहेर पडलेली एक बॅच ग्राहकाच्या प्रयोगशाळेत ९८.३ टक्के भरली. करारातील मर्यादा किमान ९९.० होती. म्हणजे आमच्या आकड्यानुसार माल आरामात पास आणि त्यांच्या आकड्यानुसार सरळसरळ नापास. पद्धत दोन्हीकडे एकच होती, दोन्हीकडे अनुभवी माणसे होती आणि दोन्हीकडच्या कपाटांत कॅलिब्रेशनची ताजी प्रमाणपत्रे होती. पहिले दोन दिवस आम्ही तेच केले जे अशा वेळी सगळेच करतात: आमचे बरोबर आहे, तुम्ही पुन्हा तपासून पाहा, असे सभ्य भाषेतले ईमेल पाठवले. तिसऱ्या दिवशी सकाळी राखून ठेवलेला नमुना काढून पुन्हा अनुमापन केले, म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने सोडून किती लागते ते मोजले, तर उत्तर आले ९८.४. त्याच दुपारी त्याच बाटलीतून त्याच केमिस्टने केले, तर ९९.२.

हे अनुमापन पाण्यात होत नाही. दुर्बल आम्लारी ग्लेशियल ॲसेटिक आम्लात विरघळवायची आणि त्याच द्रावकात बनवलेल्या पर्क्लोरिक आम्लाने मोजायची, अशी ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. पर्क्लोरिक आम्लाच्या द्रावणाची नेमकी तीव्रता पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरून काढतात आणि तिला प्रयोगशाळेत सगळे टायटर म्हणतात. अडचण अशी की ॲसेटिक आम्ल तापले की चांगलेच प्रसरण पावते, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.११ टक्का. पाण्यातल्या द्रावणांत हा परिणाम साधारण पाचपट कमी असतो, त्यामुळे रोज पाण्यातली अनुमापने करणाऱ्याच्या तो ध्यानीमनीही नसतो. आमचा टायटर सोमवारी सकाळी वातानुकूलित खोलीत २२ अंशांवर काढला होता. मग ती बाटली ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडणाऱ्या मोजनळीच्या, टेबलावर आली, आणि तिथे दुपारी ३१ अंश होत असत. नऊ अंशांच्या फरकाने द्रावण जवळजवळ एक टक्का फुगले, म्हणजे तेवढेच पातळ झाले. तितक्याच मालाला आता एक टक्का जास्त आम्ल लागणार, आणि हिशेबात मात्र सोमवारचाच टायटर धरलेला. ९८.३ चे ९९.३ व्हायला आणखी काही लागत नाही.

ग्राहकाचे बरोबर होते. त्यांच्या कार्यपत्रकात प्रत्येक अनुमापनाच्या वेळचे तापमान लिहायचा रकाना होता आणि दुरुस्तीचे सूत्र त्याच ओळीत होते. हे सूत्र औषधकोशांत, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथांत, छापलेले असते. आमच्याही कपाटात औषधकोश होता. त्या बॅचच्या दिवशी ड्रायरवरच्या ऑपरेटरने फोन करून विचारले होते, “मॅडम, रिझल्ट आला का? ड्रायर उघडू?” मी आकडा पाहिला आणि “उघडा” म्हणाले. त्याने विचारले तेव्हा माल पूर्ण सुकलेला नव्हता, आत द्रावक शिल्लक होता, आणि तो शिल्लक आहे हे सांगण्याचे काम ज्या एका आकड्याचे होते त्यानेच उलटी साक्ष दिली.

या प्रकरणातली मला आजही बोचणारी गोष्ट अशी की एकही उपकरण चुकीचे नव्हते. तराजू बरोबर होता, ब्युरेट बरोबर होती, थॅलेट शुद्ध होते, करणाऱ्याचा हात स्थिर होता. लागोपाठची तीन वाचने एकमेकांशी ०.१ टक्क्याच्या आत जुळत होती. तीन वाचने जुळली की आपल्याला हायसे वाटते, पण ती एकमेकांशी जुळतात यावरून ती सत्याशीही जुळतात असे ठरत नाही. तिन्ही एकाच गरम बाटलीतून आलेली होती. उपकरण अचूक असणे आणि आकडा विश्वासार्ह असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या अनुभवात प्रयोगशाळेतील बहुतेक महागड्या चुका या दोहोंमधल्या फटीत घडतात.

ही फट रासायनिक उद्योगात इतकी महाग का पडते, याचे कारण सोपे आहे. लोहार लोखंडाचा रंग पाहून घाव घालतो. सुताराला फळी वाकडी झाल्याचे डोळ्यांनी दिसते. रिॲक्टरवर काम करणाऱ्याला पोलादी भिंतीपलीकडे काय चालले आहे ते दिसतच नाही. त्याला तापमान दिसते, दाब दिसतो, ढवळणीच्या मोटारीचा विद्युतप्रवाह दिसतो; आत किती मूळ द्रव्य उरले, किती उत्पादन तयार झाले आणि नको असलेले काय वाढत चालले आहे, हे त्याला प्रयोगशाळेकडून कळते किंवा कळत नाही. अभिक्रिया थांबवायची की चालू ठेवायची, ऊर्ध्वपातनात टाकी कधी बदलायची, पुढचा कच्चा माल कधी सोडायचा, हे सारे त्या एका चिठ्ठीवरून ठरते.

क्लोरीनचे उदाहरण घ्या. कोरडा क्लोरीन साध्या पोलादाच्या नळीतून वर्षानुवर्षे वाहतो आणि नळीला फारसे काही होत नाही. त्यात ओलावा शिरला की आम्ल तयार होते आणि तीच नळी झपाट्याने खाल्ली जाते. टायटॅनियमचे नेमके उलट आहे: ओल्या क्लोरीनमध्ये तो धातू उत्तम टिकतो, कारण पाण्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर राहतो, आणि कोरड्या क्लोरीनमध्ये तो चक्क पेट घेऊ शकतो. वायू तोच, रंग तोच, दाबही तोच. कोणती नळी सुरक्षित आणि कोणती धोक्याची हे ठरवणारी गोष्ट म्हणजे त्यातल्या पाण्याचे प्रमाण, आणि ते प्रमाण कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. ओलावा मोजणारे यंत्र तिथे चुकले तर ते गुणवत्तेचे प्रकरण राहत नाही.

पाणी मोजणे हा एकंदरीतच या उद्योगातला सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत फसवा प्रकार आहे. मॅग्नेशियम आणि सेंद्रिय हॅलाइड यांच्यातल्या ग्रिग्नार्ड अभिक्रियेसाठी टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक कोरडा लागतो. समजा मर्यादा २०० पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग पाणी. नमुन्याची १०० मिलिलिटरची बाटली धुतली, झटकली आणि घाईत एक थेंब आत राहून गेला. तो थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. बाटलीत द्रावक ८९ ग्रॅम. म्हणजे टाकीतला द्रावक कितीही कोरडा असला तरी नुसत्या बाटलीने ५०० पीपीएमहून जास्त पाणी भरले. प्रयोगशाळा इमानदारीने मोजणार, इमानदारीने नापास लिहिणार, आणि विभाग अख्खी टाकी पुन्हा ऊर्ध्वपातनाला लावणार. उलट दिशेची चूक अधिक वाईट. द्रावक ओला असताना कोरडा म्हणून सांगितला, तर अभिक्रिया सुरूच होत नाही. मॅग्नेशियम नुसतेच पडून राहते, ऑपरेटर हॅलाइड घालत राहतो, तापमान जागचे हलत नाही. मग कधीतरी ती एकदम सुरू होते आणि साचलेली सगळी उष्णता काही मिनिटांत बाहेर पडते. ग्रिग्नार्डच्या अपघातांचा हा ओळखीचा नमुना आहे.

हे पाणी आपण कार्ल फिशर पद्धतीने मोजतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फिशर यांनी ती १९३५ साली प्रसिद्ध केली; आयोडीन, सल्फर डायऑक्साइड, पिरिडिन आणि मिथेनॉल हे मूळ मिश्रण. फिशर यांनी स्वतः असे गृहीत धरले होते की आयोडीनचा एक रेणू पाण्याचे दोन रेणू संपवतो. मिथेनॉलमध्ये प्रत्यक्षात एकाला एक असेच प्रमाण पडते, हे नंतर इतरांनी दाखवले. मला ही हकीकत आवडते, कारण समीकरण चुकीचे असूनही पद्धत चालत होती: अभिकर्मक ज्ञात पाण्याने प्रमाणित केला की समीकरणातला आकडा गौण ठरतो. ज्ञात वस्तूशी तुलना केल्याने मापन कसे सावरले जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्र ज्ञात पाण्याने प्रमाणित केलेली पद्धतही प्रत्येक नमुन्यात तशीच वागेल असे नाही. ॲसिटोनमधले पाणी साध्या मिथेनॉलच्या अभिकर्मकाने मोजून पाहा. ॲसिटोन मिथेनॉलशी अभिक्रिया करून नवे पाणी तयार करत राहते, अंत्यबिंदू, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, आला आला म्हणेपर्यंत पुढे सरकतो, आणि नवखा केमिस्ट अर्धा तास यंत्रासमोर बसून राहतो. कीटोनांसाठी मिथेनॉल नसलेला वेगळा अभिकर्मक मिळतो. तो कपाटात असणे आणि योग्य दिवशी योग्य हातात असणे यांत पुन्हा तीच फट आहे.

बाटलीतला थेंब ही नमुन्याची चूक आहे, आणि नमुन्याविषयी प्रयोगशाळेत जितके कमी बोलले जाते तितके ते अधिक बोलायला हवे. फ्रेंच अभियंते पिएर गी यांनी दाणेदार, विषम पदार्थांतून नमुना कसा घ्यावा याचे संपूर्ण गणित मांडले. त्यातली रोज वापरण्याजोगी गोष्ट अशी की ढिगातल्या प्रत्येक कणाला नमुन्यात येण्याची सारखी संधी मिळायला हवी. ड्रमच्या तोंडाशी असलेला चमचाभर माल काढला, तर तळाच्या मालाला ती संधी शून्य असते. वाहतुकीत हादरे बसून बारीक कण खाली गेलेले असतात, कडेचा माल ओलसर झालेला असतो, आणि वरचा चमचा कोणाचेच प्रतिनिधित्व करत नाही. द्रवाचेही तसेच. टाकीच्या नमुन्याच्या नळीत झडपेच्या अलीकडे जे साचून राहिलेले असते ते कालचे असते. ते आधी वाहू दिले नाही, तर आपण आजच्या तारखेने कालचा माल तपासतो. पाचव्या दशांशापर्यंत वजन करणारा तराजू या चुकीला हात लावू शकत नाही. मला तर वाटते, नवीन उपकरणासाठी मंजूर होणाऱ्या दर रकमेतला थोडा भाग नमुना घेण्याच्या जागेवर खर्च करण्याची सक्ती असावी. पण नमुन्याच्या झडपेचे उद्घाटन कोणी करत नाही.

आता अगदी लहान आकड्यांकडे वळू. मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणाऱ्या आधुनिक कारखान्यांत दोन कप्प्यांच्या मध्ये एक पातळ पटल असते. त्या पटलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अडकले की तिथल्या अल्कलीत त्यांचे हायड्रॉक्साइड बसत जाते, विजेचा खर्च वाढतो आणि पटल पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. म्हणून शुद्ध केलेल्या द्रावणात या दोघांचे मिळून प्रमाण साधारण २० पीपीबीच्या (अब्ज भागांत २० भाग) आत ठेवतात. म्हणजे लिटरमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम, आणि त्याच लिटरात मीठ ३०० ग्रॅम! जे मोजायचे आहे त्याच्या दीड कोटी पट न मोजायचे मीठ आजूबाजूला आहे. इथे काचेची बाटली वापरली की काचेतूनच कॅल्शियम उतरते. बोटाचा घाम, नळाच्या पाण्याचा उडालेला शिंतोडा, खोलीतली धूळ, सगळे नमुन्यात हजेरी लावून जाते. म्हणून अशा कामात ब्लँक, म्हणजे नमुना न घालता तीच सारी कृती करून मिळवलेला आकडा, हा नमुन्याइतकाच महत्त्वाचा असतो. ब्लँक १५ आणि नमुना १८ असेल, तर आपण द्रावण मोजलेले नाही, आपली प्रयोगशाळा मोजली आहे.

विल्यम हॉर्विट्झ यांनी १९८० साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले, तेव्हा एक विलक्षण नियमितपणा दिसला: घटकाचे प्रमाण शंभर पट कमी झाले की प्रयोगशाळांमधला सापेक्ष फरक दुप्पट होतो. शुद्ध पदार्थाला सुमारे २ टक्के, एक टक्का प्रमाणाला ४ टक्के, एक पीपीएमला १६ टक्के, एक पीपीबीला ४५ टक्के. त्या हिशेबाने २० पीपीबीला सुमारे २९ टक्के येतात. आजची उपकरणे आणि चांगल्या प्रयोगशाळा याहून बरेच करतात, तरी या पातळीवर दोन प्रामाणिक प्रयोगशाळांनी एकाच बाटलीवर १७ आणि २३ असे आकडे देणे यात कोणाचाही अपराध नाही. अपराध घडतो तो १९ ला पास आणि २१ ला नापास असे डोळे मिटून लिहिताना. आकड्यासोबत त्याची अनिश्चितता नसेल तर मर्यादेजवळच्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. अनिश्चितता माहीत असेल तर आतली मर्यादा थोडी अलीकडे ओढता येते, उदाहरणार्थ १५ च्या वर गेले की कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारा राळेचा स्तंभ बदला असे सांगता येते, आणि मग रात्री दोन वाजता कोणाला १९ आणि २१ यांवर वाद घालावा लागत नाही.

रात्री दोन वाजताचा वाद कसा असतो हे ज्याने पाळी केली आहे त्याला सांगायला नको. बॅच नापास येते, शिफ्ट इन्चार्ज प्रयोगशाळेच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, “मॅडम, एकदा परत लावून बघा ना.” विनंती वाजवी वाटते. पुन्हा लावले, पास आले, दोन्हींची सरासरी काढली, सरासरीही पास. पण पहिला आकडा का चुकला हे न शोधता दुसरा स्वीकारणे म्हणजे नाणे मनासारखे पडेपर्यंत उडवत राहणे. अमेरिकेत १९९३ साली एका औषध कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने नेमक्या याच सवयीवर बोट ठेवले: हवे ते उत्तर येईपर्यंत चाचण्या करत राहून माल पास करता येणार नाही, आणि नापास आकडा सरासरीत लपवता येणार नाही. त्यानंतर मर्यादेबाहेरच्या निकालाची चौकशी कशी करायची याचे नियम औषध उद्योगात बरेच कडक झाले. आमच्याकडेही अशा निकालाचा वेगळा अर्ज भरावा लागतो. त्यातली वाक्ये कधी कधी आधीच छापल्यासारखी येतात, “केमिस्टची चूक, पुन्हा प्रशिक्षण दिले” ही त्यातली सर्वांत लोकप्रिय. मी ते वाक्य आता स्वीकारत नाही. माझ्या त्या ९९.३ च्या प्रकरणातही ते सहज लिहिता आले असते, आणि बाटली तशीच टेबलावर तापत राहिली असती.

याहून खोल एक अडचण आहे, तिला काळजीपूर्वक काम करणारा माणूसही पुरा पडत नाही. पद्धत फक्त तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. योहान केल्डाल यांची १८८३ ची पद्धत नायट्रोजन मोजते, आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून आपण प्रथिन म्हणतो. मेलामिनच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात ते मिसळले गेले, प्रथिनाचा आकडा उत्तम आला, सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि अधिकृत आकड्यानुसार सहा दगावली. केल्डालची चाचणी कुठेही बिघडली नव्हती. तिला नायट्रोजन विचारला होता, तिने नायट्रोजन सांगितला.

२०१८ साली रक्तदाबावरच्या व्हाल्सार्टन या औषधात एनडीएमए हे कर्ककारक नायट्रोसामाइन सापडले, ती गोष्ट रसायनउद्योगाने नीट अभ्यासण्यासारखी आहे. निर्मितीची कृती बदलताना डायमिथाइलफॉर्मामाइड हा द्रावक वापरला जाऊ लागला होता आणि उरलेले ॲझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट घातले जात होते. द्रावकातून निघालेले अल्पसे डायमिथाइलअमाइन आणि नायट्राइट एकत्र आले की एनडीएमए बनते. कागदावर हे रसायन कोणताही पदवीधर मांडू शकेल. पण बॅच पास करणारा क्रोमॅटोग्राम, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळ्या शिखरांनी दाखवणारा आलेख, अशुद्धी साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास पाहण्यासाठी बसवलेला असतो, आणि त्या वर्षी ठरवली गेलेली व्हाल्सार्टनमधली एनडीएमएची मर्यादा होती ०.३ पीपीएम. म्हणजे तीन हजार पटींहून बारीक नजर हवी होती. बेसलाइन, म्हणजे आलेखातली शिखरांखालची रेषा, सपाट दिसत होती, आणि सपाट बेसलाइनचा अर्थ “इथे काही नाही” असा घेतला गेला. खरा अर्थ एवढाच होता की “मला इथे काही दिसत नाही”. कृती बदलताना विश्लेषणाच्या माणसाला बैठकीत बसवले, तर निदान प्रश्न तरी बदलतो. माझ्या मते प्रयोगशाळेचे खरे काम तिथून सुरू होते, नमुना खिडकीत आल्यावर नव्हे.

पुढच्याच वर्षी रॅनिटिडिनच्या बाबतीत उलटी गंमत झाली. एका खासगी प्रयोगशाळेने गोळीमागे तीस लाख नॅनोग्रॅमहून जास्त एनडीएमए नोंदवले, जेव्हा दिवसाची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम होती. त्या चाचणीत नमुना १३० अंशांपर्यंत तापवला जात होता, आणि रॅनिटिडिनचा रेणूच असा आहे की तापवला की त्यातूनच एनडीएमए तयार होते. मोजणारे यंत्र मोजायची वस्तू स्वतःच बनवत होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने कमी तापमानावरची द्रव क्रोमॅटोग्राफीची पद्धत वापरायला सांगितली, आकडे कितीतरी खाली आले. पण कथा तिथे संपली नाही: साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, हे प्रमाण खरोखरच वाढते असे दिसले आणि एप्रिल २०२० मध्ये ते औषध बाजारातून काढायला सांगण्यात आले. पहिला आकडा चुकीचा होता आणि शंका मात्र बरोबर होती. असे गुंतागुंतीचे निकाल मला स्वच्छ यशोगाथांपेक्षा अधिक शिकवतात.

दैनंदिन बचाव मात्र अगदी साध्या गोष्टींनी होतो. रोज सकाळी पहिल्या नमुन्याआधी आम्ही एक नियंत्रण नमुना लावतो, ज्याची किंमत आम्हाला माहीत आहे आणि जो महिनोन्महिने तसाच राहतो. त्याचा आकडा आलेखावर टिंब म्हणून मांडला जातो. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली टेलिफोनचे साहित्य बनवणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली ही युक्ती शंभर वर्षांनंतरही तितकीच कामाची आहे. एखादे टिंब रेषेबाहेर गेले की सगळे धावतात. मला अधिक काळजी वाटते ती सलग सात-आठ टिंबे मध्यरेषेच्या एकाच बाजूला, पण मर्यादेच्या आत, शिस्तीत उभी राहिली तर. काहीतरी हळूहळू सरकते आहे आणि अजून कोणाला दुखलेले नाही, एवढे ती सांगतात. या नमुन्याची किंमत आपणच ठरवली तर ते स्वतःच्या घड्याळाशी स्वतःचे घड्याळ जुळवण्यासारखे होते, म्हणून कुठेतरी बाहेरचा प्रमाणित संदर्भ पदार्थ लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ओतीव लोखंडाचे असे नमुने वाटायला सुरुवात केली, कारण लोखंड विकणारा आणि घेणारा यांचे आकडे जुळत नव्हते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा तो वाद माझ्या एका टक्क्याच्या वादाचा सख्खा पूर्वज म्हणायला हरकत नाही. चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ सारखी मानके या सगळ्याला कागदी शिस्त देतात. ती उपयोगी आहे, पण भिंतीवरचे प्रमाणपत्र बाटलीचे तापमान पाहत नाही.

प्रत्यक्ष नळीवर बसवलेल्या ऑनलाइन विश्लेषकांमुळे हा त्रास संपला असे काहींना वाटते. त्रास जागा बदलतो, इतकेच. विश्लेषक ६० मीटर लांब खोलीत असेल, नळीचा आतला व्यास ४ मिलिमीटर असेल, तर तिच्यात पाऊण लिटर द्रव मावतो. मिनिटाला १०० मिलिलिटर प्रवाह असला तर पडद्यावरचा आकडा साडेसात मिनिटांपूर्वीचा असतो, आणि ऑपरेटर त्याला “आत्ता” समजून झडप फिरवतो. पीएचच्या काचेच्या इलेक्ट्रोडचेही तसेच. २५ अंशांवर एका पीएच एककाला ५९.१६ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. इलेक्ट्रोड म्हातारा झाला, त्यावर थर बसला, की हा उतार कमी होतो आणि प्रतिसाद मंदावतो. पडद्यावर तरीही दोन दशांशांचा देखणा आकडा दिसत राहतो. ०.१ पीएच क्षुल्लक वाटतो, पण त्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण २६ टक्क्यांनी बदललेले असते.

जाता जाता एक फुकटची तपासणी सांगते, तिला ना यंत्र लागते ना अभिकर्मक. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या वस्तुमानाचा ताळेबंद मांडा. एका महिन्यात आमच्या एका विभागाचे उत्पादन सिद्धांतानुसार शक्य असलेल्याच्या १०४ टक्के निघाले, आणि बैठकीत चक्क कौतुक झाले. शंभराच्या वर निसर्ग काहीच देत नाही. कुठेतरी तराजू, घनता किंवा शुद्धतेचा आकडा खोटे बोलत होता. ९६ आले असते तर आम्ही दोन आठवडे चौकशी केली असती. चांगल्या दिशेने चुकलेल्या आकड्याला कोणी जाब विचारत नाही, म्हणून तो जास्त काळ जगतो.

त्या ग्राहकाने माल परत पाठवला, तो पुन्हा सुकवला आणि ९९.४ भरला, दोन्हीकडे. आमच्या कार्यपत्रकात तापमानाचा रकाना आला, पर्क्लोरिक आम्लाच्या बाटलीच्या गळ्याला थर्मामीटर बांधला गेला आणि दोन्ही प्रयोगशाळांनी दर तीन महिन्यांनी एकच नमुना वाटून घेऊन तपासायचे ठरवले. आता आमचे आकडे ०.२ टक्क्याच्या आत असतात, पण हे ०.२ नेहमी एकाच दिशेने आहेत, आमचे वर आणि त्यांचे खाली. सध्या माझा संशय अंत्यबिंदूच्या रंगावर आहे. आमचा दर्शक क्रिस्टल व्हायोलेट जांभळ्यातून निळा आणि निळ्यातून निळसर हिरवा होत जातो, आणि आमच्याकडचे दोन केमिस्ट टायटर काढताना निळ्यावर थांबतात, नमुन्याला मात्र हिरवट झाक येईपर्यंत थेंब सोडतात. गेल्या आठवड्यापासून त्याच चंचुपात्रात इलेक्ट्रोड बुडवून रंग आणि मिलिव्होल्ट दोन्ही शेजारी शेजारी लिहून घेत आहे. अकरा अनुमापने झाली आहेत, आणखी वीस करायची आहेत.